माणसं सार्वजनिक कामात का येतात आणि का टिकतात?

पाचपाखाडीकर
सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातला कमी आकडा पुरतो. आमच्याकडे शंभरावर घरं आहेत, तरी वीस डोकी जमत नाहीत. अर्धा तास थांबायचं, सभा तहकूब करायची आणि मग आलेल्यांतच उरकायची. याच इमारतीतली माणसं गुढीपाडव्याला भल्या पहाटे नटूनथटून ठाण्यातल्या कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेला हजर असतात. त्यामुळे लोकांना आपल्यापलीकडचं काही पडलेलं नाही, हे मला पटत नाही. माणूस ओळखीने येतो, पण टिकतो ते नेमकं काम हाती आल्यावर. यात्रेत कुणाच्या गळ्यात ढोल असतो, कुणी रांगोळीवाल्या गटात असतं. सभेत नुसतं खुर्चीवर बसून ऐकायचं. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ या सूचनेने कुणी हलत नाही. ‘रविवारी टाकी धुताना तुम्ही उभे राहाल का?’ असं दारात जाऊन विचारलं, तर बहुतेक जण हो म्हणतात.

घोडबंदरवासी
साफ असहमत. काम हाती आलं की ते कायमचं गळ्यात पडतं, हा माझा अनुभव आहे. मी खजिनदार होतो. इमारतीचं रंगकाम निघालं, तीन निविदा मागवल्या, सगळे कागद फाइलला लावले. तरी ग्रुपवर रात्री अकराला मेसेज आला, ‘यात कुणाचं किती?’ फाइल बघायला एकही जण ऑफिसात आला नाही. मी राजीनामा दिला आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. लोक येतात ते स्वतःचं काही पणाला लागलं की. पुनर्विकासाची सभा लावा, ५१ टक्के संमतीचा विषय काढा, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. परदेशात असलेलेसुद्धा भावाला पाठवतात.

कळवेकर
पदासाठी टिकतात. बॅनरवर नाव आणि फोटो आला की दहा वर्षं हलत नाहीत.

दिवाळेकर
कळवेकर, सगळीकडे तसं नाही हो. आमच्या गावात हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस, रात्रंदिवस. वीणा खाली टेकवायची नसते, म्हणून पहारे लावतात. देवळाच्या भिंतीवर यादी असते, कोणाचा पहारा किती वाजता. रात्री दोनचा पहारा असेल आणि मी झोपून राहिलो, तर आधीचा माणूस वीणा घेऊन तसाच उभा राहणार. घरी पोरगं येतं उठवायला, ‘काका, तुमची वाट बघतायत.’ तिथे फोटो नाही, पैसा नाही. मासेमारी करणारा, कंपनीत जाणारा, सगळे येतात. माझ्या मते खरी गोष्ट हीच, आपण नसलो तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. घोडबंदरवासी, तुमचं अडलं तेव्हा दुसरा पहारेकरी आलाच नाही. चूक तुमची नव्हती.

ऐरोलीतली भाडेकरू
या चर्चेत आमचा विचारच कुणी करत नाही. अकरा महिन्यांचा करार, सभासदत्व नाही, मत नाही, सभेची सूचनाही दारावर येत नाही. पार्किंगचा नियम मात्र आम्हाला आधी सांगतात. अशा माणसाने सोसायटीत जीव का लावायचा?

पण मी नेरुळच्या रोहित पक्ष्यांच्या तलावासाठी जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीचं पाणी आत येण्याची वाट बंद होऊन तो तलाव कोरडा पडला, पक्षी मेले. तेव्हा मोजणीला, फोटो काढायला, निवेदनावर सह्या घ्यायला माणसं लागत होती. तिथे कुणी विचारलं नाही की घर मालकीचं आहे का. मला दुर्बीण दिली आणि सांगितलं, पाण्याची पातळी रोज त्या खांबावर बघून लिहायची. घर बदललं तरी मी जातेच.

पाचपाखाडीकर
भाडेकरूंचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. पाणी तपासणं, बाग, वाचनालय, यासाठी सभासदत्व कशाला हवं? घोडबंदरवासींना मात्र सांगतो, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे. सुरू करणारे कधीच गेले, संस्था चालू आहे, कारण काम पुढच्याच्या हातात जात राहिलं. तुमच्याकडे खजिनदारी एकट्यावर होती, म्हणून मोडली.

घोडबंदरवासी
ग्रंथसंग्रहालयात पुस्तक मिळतं, म्हणून लोक जातात. सोसायटीत भांडण मिळतं. दिवाळेकरांचं पटलं, पण गावात चार पिढ्यांची ओळख आहे. आमच्या टॉवरमध्ये समोरच्या दाराचं आडनाव माहीत नसतं. तिथे पहाऱ्याला उठवायला जाणार कोण?

दिवाळेकर
तुम्ही जा. समोरच्या दारापासून सुरू करा.

घोडबंदरवासी
खजिनदारी परत घेणार नाही. पुढच्या कामाच्या निविदा उघडताना तीन वेगवेगळ्या मजल्यांवरची माणसं बसणार असतील, त्यातला एक भाडेकरू असेल आणि पावत्या लिफ्टशेजारी लावल्या जाणार असतील, तर त्या एका संध्याकाळपुरता मी येईन.