आकाराबरोबर आयनोडही पाहावेत
वेब सर्व्हरच्या कॅशेचा, म्हणजे पाने पटकन देता यावीत म्हणून डिस्कवर ठेवलेल्या प्रतींचा, कमाल आकार ठरवला की डिस्क भरत नाही, असे मत मांडले जाते; एनजिनएक्स या वेब सर्व्हरपुरते ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरचे डिस्क कॅशे मॉड्यूल मात्र एकूण आकारावर नियंत्रण ठेवत नाही, ते काम एचटीकॅशक्लीन हे अपाचीसोबत येणारे सफाईचे साधन करते आणि ते ठरावीक अंतराने चालत असल्याने दोन फेऱ्यांच्या मधे मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

जळगावातील केळीभावांच्या आमच्या संकेतस्थळावर रावेर, यावल, चोपडा यांची तारखेनुसार वेगळी, अगदी लहान पाने आहेत, आणि अपाची प्रत्येक पानामागे हेडर व डेटा अशा दोन फायली ठेवतो. त्यामुळे डिस्कवर भरपूर जागा असतानाही आयनोड (प्रत्येक फायलीमागे डिस्कवर लागणाऱ्या, मर्यादित संख्येच्या नोंदी) संपले आणि नव्या फायली तयार होईनात. म्हणून एचटीकॅशक्लीनला आकाराच्या मर्यादेसोबत, कॅपिटल एल पर्यायाने, आयनोडचीही मर्यादा अवश्य द्यावी.