डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेता ते बघा

3 महिने थायरॉक्सिन (थायरॉइड कमी असल्यावरची गोळी) घेऊनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्ततपासणीत वाढणारा आकडा) उतरत नाही, डोस वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःहून वाढवू नका ताई, डोस जास्त झाला तर छातीत धडधड सुरू होऊ शकते. आधी गोळी कशी घेता ते बघा. माझी आई सकाळी चहाबरोबर थायरॉक्सिन आणि लगेच कॅल्शियम घ्यायची. कॅल्शियम आणि लोह हे औषध आतड्यातच अडवतात, रक्तात ते पुरेसं पोचतच नाही! गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम-लोह 4 तासांनी. आईने एवढंच बदललं आणि आकडा उतरला. पुन्हा तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी करा, त्याआधी खरं चित्र दिसत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यानेही रिपोर्ट चुकू शकतो.