ग्रुप : आपली मंडळी, दारव्हा. विषय : मार्चातलं बेट

दादा : आईबाबा मार्चात इकडे अमेरिकेत येऊन रायले, तर एक दिवस कम्बरलँड बेटावर जायचा विचार आहे. आमच्या जॅक्सनविलहून गाडीनं तासाभरात सेंट मेरीज गाव, तिथून बोटीनं पाऊण तास. 1972 पासून सरकारनं राखलेलं बेट आहे.

काकाजी : समुद्राच्या मधात का?

दादा : नाही काकाजी, किनाऱ्याला समांतर. लांबच लांब रेतीचं बेट, 28 किलोमीटर. वादळ आलं की लाटा आधी याच्यावर आदळतात, मागची जमीन वाचते. बेट आणि किनाऱ्याच्या मधात खाऱ्या पाण्याची दलदल आहे.

मोठीआई : जेवाची सोय काय हाये रे तिथं

दादा : काहीच नाही आई. दुकान नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. एक महागडं हॉटेल आहे, पण ते मुक्कामी पाहुण्यांसाठी. पिण्याचं पाणी ठरावीक जागी मिळतं. जेवण आपलं आपण न्यायचं आन् कचरा पिशवीत भरून परत आणायचा.

आत्याबाई : मंग तिखट-मिठाच्या पुऱ्या करा. दशम्या बी टिकतात. ठेचा मी इथून देतो बरणी भरून

वहिनी : आत्याबाई, पुऱ्या मी इथेच करते. ठेचा नक्की पाठवा, पण मोठ्या बॅगेत ठेवायला सांगा. हातातल्या पिशवीतली बरणी विमानतळावर काढून घेतील.

बंटी : दादा, बुकिंग ताडोबासारखं आधीच कराव लागते का?

दादा : हो. दिवसाला ठरावीकच लोक सोडतात, आणि मार्च म्हणजे गर्दीचा महिना. जायची आणि यायची बोट बुकिंगच्या वेळीच निवडावी लागते. बोटीत गाडी जात नाही, घरची सायकल चालत नाही, कुत्रं चालत नाही.

आत्याबाई : 🌹 शुभ सकाळ, गण गण गणात बोते 🌹

मोठेबाबा : तिथं पाहाले काय हाये ते सांग. रेती तं अडाण नदीच्या पात्रात बी हाये.

दादा : बाबा, मोठमोठे ओक आहेत, फांद्यांवरून राखाडी झुपके लोंबतात. पोलादाचा मोठा कारखानदार अँड्र्यू कार्नेगी, त्याच्या भावाच्या वाड्याचे अवशेष आहेत. 1884 मध्ये काम सुरू केलं, 1959 मध्ये वाडा जळाला, भिंती उभ्या आहेत. आणि मोकाट घोडे, शे-दीडशे. वाड्याच्या आवारातच चरत असतात.

मोठेबाबा : मोकाट म्हंजे? मालक कोण?

दादा : कोणीच नाही. पूर्वीच्या लोकांनी आणलेल्या घोड्यांची ही पिलावळ. कोणी चारा टाकत नाही, डॉक्टर नाही. लोकांनी 50 फूट लांब राहायचं, खायला द्यायचं नाही.

मोठेबाबा : मंग हे रोहीच झाले, नीलगाई. दलदलीतलं गवत खाऊन फस्त करत असतील. आपल्या तुरीचं काय झालं पाह्यलं न औंदा. बेट राखाचं आन् रोही बी राखाचे, दोन्ही कसं जमन?

काकाजी : भाऊ, घोडं अन् रोही एक नाई. रोही जंगलातलं जनावर हाये, आपण त्याच्या रानात वावर केलं. घोडं माणसानं नेलं अन् सोडून देल्लं. दोष जनावराचा नाई.

मोठेबाबा : दोष कोनाचा का असंना, गवत तं जाते न.

दादा : तुम्ही दोघं जे भांडून रायले, तेच तिथं चालू आहे 😀 घोडे वाळूच्या टेकड्यांवरचं गवत खातात. त्या गवताच्या मुळांनीच रेती धरून ठेवलेली असते. दुसरीकडे उपाशी, आजारी घोड्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून 2023 मध्ये काही जणांनी घोड्यांच्या बाजूनं कोर्टात केस टाकली, त्यांना बेटावरून हलवा म्हणून. आणि पाहायला येणाऱ्या बऱ्याच लोकांना पाहिजे असतात तेच घोडे.

मोठेबाबा : मले बी पाहाचेच हायेत. पण जवळून नाई.

मोठीआई : कासव दिसन का

दादा : मार्चात नाही आई. मोठ्या कासवाच्या माद्या साधारण मे ते ऑगस्ट रात्रीच्या येतात अंडी घालायला.

मोठीआई : मग कायले चाललो आपण 😄 अन् माह्या गुडघ्याचं काय? चालाव लागन न लय

वहिनी : आई, पहिल्या धक्क्यावर उतरलो की वाडा जवळ आहे. तिथून समुद्राकडे मी आणि हे जाऊ, तुम्ही सावलीत बसा. पूर्ण बेट गाडीनं दाखवणारी फेरीही आहे, पण ती पाच-सहा तासांची आणि रस्ता कच्चा.

मोठेबाबा : सारी जिंदगी पांदण रस्त्यानं गेली, हादऱ्याचं आमाले काय सांगता.

दादा : बाबा, तुम्हाला चालेल, पण आईच्या गुडघ्याला ते हादरे नकोत. या वेळी वाडा आणि घोडे बस. उत्तरेकडचं चर्च राहू द्या. गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या वस्तीनं 1893 मध्ये स्थापन केलेलं, अमेरिकेचे अध्यक्ष होते त्या केनेडीच्या मुलाचं लग्न तिथंच झालं 1996 मध्ये. छान आहे, पण एकाच दिवसात सगळं कोंबलं तर आई थकेल.

बंटी : शेवटची बोट चुकली तर?

दादा : तर आपल्या खर्चानं खासगी बोट बोलवायची. म्हणून परतीची कोणती घेऊ ते सांगा. शेवटची घेतली तर वेळ जास्त मिळतो.

मोठेबाबा : तिच्या आधीची धर. चुकली तं मांगून एक तं राहीन.

दादा : तसं नाही चालत बाबा, जिचं तिकीट तिच्यातच बसायचं. जागा असली तरच दुसरीत घेतात.

मोठेबाबा : तरी आधीचीच धर. आन् शनवार-रयवार नोको.

दादा : बरं. मंगळवार पाहतो. आईबाबांचे पासपोर्टवर आहेत तसेच नावं पाठव बंटी, स्पेलिंग नीट.