पीक बुडालं का ट्रेनिंग वाटायचं, हे कोणाच्या फायद्याचं?

कापूसकोंड्या, वणीकडचा
राजेहो, विषय टाकतो, शिव्या द्यायच्या तर द्या पण वाचून द्या. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, पऱ्हाटीची बोंडं झाडावरच सडली, अन् लगेच तालुक्याले करिअर मार्गदर्शन शिबिर. मंडप, बॅनर, चहा-पोहे, अन् एक साहेब माइक धरून सांगून राह्यले का नोकरी मागणारे नका बनू, देणारे बना. समोर बसलेल्या अर्ध्या पोट्ट्यांच्या घरी पीककर्ज थकलेलं! माह्यं म्हणणं एवढंच हाय का संकटाच्या वक्ताले जे ट्रेनिंग निघते, त्याच्या शेवटी कामावर घेणारा मालक उभा नसंल तर तो निव्वळ टाइमपास हाय. आजचंच नाही हे. 2006 मध्ये आपल्या पश्चिम विदर्भाच्या 6 जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज आलं, त्यात जोडधंदा म्हणून गाई होत्या. जिथं चारा विकत घ्या लागते अन् दूध उचलाले गाडी येत नाही तिथं संकरित गाय! किती जणांनी विकून टाकल्या ते आपापल्या गावात विचारा. आता गाईच्या जागी सर्टिफिकेट आलं, बाकी सारं तेच.

अनामिका_दारव्हा
दादा, तुमचं अर्धं पटलं, अर्धं अजिबात नाही. मी स्वतः मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत होते, ग्रामपंचायतीत. बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीला 10000 महिना, हे 2024 पासून. तुम्हाला मालक पाहिजे म्हणता, पण माझ्यासारखीला घरचे पुण्याला तर सोडा, नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत पाठवायला तयार नाहीत, तिथं रूम करून राहणं वगैरे विषयच बंद. त्या पैशातून आईच्या बचतगटाचा हप्ता गेला आणि मी दाखले ऑनलाइन काढायला शिकले, ग्रामसेवक साहेब आठवड्यातून दोनदा यायचे तर बाकी दिवस लोक माझ्याचकडे यायचे. ते टाइमपास कसं काय हो?

कापूसकोंड्या, वणीकडचा
ताई, तुमच्या कामाले टाइमपास नाही म्हटलं. पण मुदत संपल्यावर काय झालं तेही सांगा ना! आधी 6 महिने, मंग ओरड झाली म्हणून आणखी 5 वाढवले, अन् मंग पोट्टे-पोट्टी कायम करा म्हणून आंदोलनाले बसले. काम होतंच ना ग्रामपंचायतीत? मंग जागा काढा अन् भरा. शिकाऊ नावाखाली स्वस्तात माणूस वापरून सोडून देणं, याले ट्रेनिंग कोण म्हणते.

सालदाराचा_पोरगा
दोघंही पोटभर जेवून बोलून राह्यले. संकटात आधी काम द्या, मंग शिकवा. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी आली तेव्हा कोणी आमच्या आज्याले विचारलं नाही का बाबा तुह्या आवडीचं क्षेत्र कोणतं. गिट्टी फोडली, चूल पेटली. 1977 ले त्याचा कायदा झाला, अन् 2005 मध्ये साऱ्या देशानं तेच उचललं. 2020 मध्ये गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर तेलंगणात मिरची तोडाले गेले होते, ते पायी वापस आले. केंद्राचं गरीब कल्याण रोजगार अभियान निघालं, 50 हजार कोटी, 125 दिवस, 116 जिल्हे, 6 राज्यं. बिहार हाय, यूपी हाय, ओडिशा हाय, महाराष्ट्राचा एकबी जिल्हा नाही! काहून? तर ज्या जिल्ह्यात 25 हजारांवर मजूर वापस आले तेच धरले, अन् दिल्लीच्या हिशोबात महाराष्ट्र म्हणजे मजूर जाते ते राज्य, मजूर निघते ते नाही. आमचा बाप मंग कुठून आल्ता चालत?

निवृत्त_निदेशक
सालदार भाऊ, तुमचा राग रास्त आहे पण गिट्टी फोडून पुढच्या दुष्काळातही गिट्टीच फोडावी लागते. मी आयटीआयमध्ये शिकवलं आहे. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर नीट केलेला मुलगा सहसा उपाशी राहिलेला मी पाहिला नाही, कुठंतरी लागतोच, निदान मोटर बांधून (वायंडिंग म्हणतो मी) चार पैसे काढतो. बोंब आहे ती दोन-तीन महिन्यांच्या कोर्सची. आणि लॉकडाऊनमध्ये तर कहर, वेल्डिंगची थिअरी मोबाईलवर! पोरगं बाभळीवर चढून रेंज शोधतंय आणि मी इकडून सांगतोय आर्क किती लांब धरायचा, हातात होल्डर नाही, डोळ्याला काच नाही, कसं समजणार त्याला. मार्गदर्शनाचंही तसंच. 2016 पासून दहावीला कल चाचणी घेतली, पोराचा कल यायचा ललित कला आणि तालुक्यात कॉलेज फक्त आर्ट्सचं, पालक म्हणायचे बरोबर आलं की सर, आर्ट्सच लिहिलंय. हसावं की रडावं.
पण म्हणून ट्रेनिंगच नको? शेताशेतात सौर पंप बसलेत. कंट्रोलर बंद पडला की कंपनीचा माणूस येईस्तोवर हरभरा वाळतो. ज्या मुलाला ते उघडून दुरुस्त करता येईल त्याला मालक शोधत फिरावं लागणार नाही.

कापूसकोंड्या, वणीकडचा
सर, सौर पंपाचं एक नंबर बोलले. पण मी मालक म्हणतो तो उगाच नाही. 2020 मध्ये जर्मनीनं काय केलं पाहा, ज्या छोट्या-मध्यम कंपन्यांनी कोरोनाचा फटका बसूनही शिकाऊ पोट्ट्यांची संख्या कमी केली नाही त्यांना दर नव्या शिकाऊमागे 2000 युरो, वाढवली तर 3000. ऑस्ट्रेलियानं शिकाऊंचा अर्धा पगार सरकारातून दिला. म्हणजे मंदीत पोरगं वर्कशॉपातून बाहेरच पडलं नाही पाहिजे. आपल्याकडं उलटं, आधी कंपनी काढून टाकते अन् मंग सरकार त्याले शिबिरात बसवते.

पैनगंगा_काठ
जर्मनीत गल्लोगल्ली कारखाना हाय भाऊ. आमच्या तालुक्यात दोन जिनिंग, त्याबी चार महिने चालणाऱ्या, अन् एक बंद पडलेली सूतगिरणी. पैसा कोणत्या मालकाले देशीन? दिला तर नागपूर, बुटीबोरी, मौद्याच्या कंपन्या घेतीन, अन् आमचे पोट्टे तिकडं बारा तास उभे राहून वापस येतीन. एका ट्रेनिंगवाल्यानं (नाव घेत नाही) आमच्या गावचे पोट्टे नोकरी लागली म्हणून नेले, फोटो काढले, आठ हजार पगार सांगितला अन् त्यातून खोली-खानावळ कापली. दिवाळीच्या आत सारे घरी.

मिस्त्री_ट्रॅक्टरवाला
इतका वेळ वाचत होतो. मालक मालक करून राह्यले तर मी हावो ना मालक! ट्रॅक्टर, थ्रेशर, पंप, सारं दुरुस्त करतो. सीझनले रात्री अकरापर्यंत शटर उघडं. दोन पोट्टे ठेवाले तयार हाव. ॲप्रेंटिसचा कायदा 1961 चा हाय म्हणते, 30 माणसांच्या वरच्याले घ्याच लागते, 4 ते 29 वाल्याच्या मर्जीवर. माह्याकडं मी अन् एक हेल्पर. चार होत नाही, म्हणजे कागदावर मी मालकच नाही. स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1500, सरकार देते म्हणते, तो आमच्यापर्यंत येतच नाही. विश्वकर्मा योजनेत पाहिलं, 15000 चे औजार मिळते, 18 धंदे हाय, फुलांचे हार करणारा हाय, मासोळीचं जाळं विणणारा हाय, ट्रॅक्टर मिस्त्री नाही. मंग आम्ही कुठं बसाचं?

निवृत्त_निदेशक
मिस्त्री, तुमच्यासारखी पाच-सहा गॅरेजं मिळून एक आस्थापना धरली आणि कागदपत्र आयटीआयनं सांभाळले तर पोरगं एक वर्ष तुमच्याकडं, आठवड्यातून एक दिवस आमच्याकडं, असं करता येईल. एवढीच सुधारणा मागू.

सालदाराचा_पोरगा
मागा सर. पण त्या वर्षभरात पोराचा बाप काय खाईल तेबी अर्जात लिहा. अर्धा स्टायपेंड पहिल्याच महिन्यात, शिकणं सुरू व्हायच्या आधी, नाहीतर ते पोरगं तुमच्या गॅरेजात येणारच नाही, मिरचीच्या गाडीत बसंल.

मिस्त्री_ट्रॅक्टरवाला
हे मान्य. पहिला महिना जेवण माह्याकडं, बाकीचं सरकारनं पाहावं.