आधी आदेश नीट वाचा

दादा, कॉपी प्रकरणात भाच्यावर वर्षभर परीक्षाबंदी आली, आता कॉलेजातून नाव काढून त्याला सावद्याला केळीच्या गाड्या भरायला लावू का, असं विचारलंय तुम्ही. नाव अजिबात काढू नका. आधी आदेश शब्दन्‌शब्द वाचा. त्याच परीक्षेचा निकाल रद्द झालाय की पुढच्या परीक्षांनाही बसता येणार नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक. कॉलेजातले क्लार्क तोंडी काय सांगतात त्यावर जाऊ नका. आधीच्या सत्रांतले पास झालेले विषय शाबूत असतील, तर त्यांचे क्रेडिट (पास विषयांचे श्रेयांक) ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या, म्हणजे हे श्रेयांक जमा राहतात त्या ऑनलाइन खात्यात दिसतात का बघा, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात. बंदी संपेपर्यंत अभ्यासक्रम बदलला, तर जुन्या विषयाऐवजी कोणता पेपर द्यायचा हे जळगावहून, विद्यापीठाकडूनच लेखी घ्या.

खरा जाच घरचा. आपल्याकडे लग्नात भेटेल तो विचारणार, “काय करी ऱ्हायना भो?” पोरगं त्यानंच खोलीबाहेर पडेनासं होतं. गाड्या भरू द्या की खुशाल, चार पैसे हाती येतील. फक्त परीक्षा फॉर्मची तारीख तुम्ही सांभाळा.