जर्मनीतला कोर्स ‘अ‍ॅक्रेडिटेड’ आहे म्हणजे नेमकं काय तपासलेलं असतं?

सांगलीकर_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. बीई मेकॅनिकल झाल्यावर दोन वर्षं चाकणला नोकरी केली. आता मास्टर्ससाठी जर्मनीतल्या दोन ऑफर हातात आहेत. एक छोट्या गावातलं सरकारी होखशूल (उच्चशिक्षण संस्था) आहे. तिथे फी नाही, दर सेमिस्टरला थोडे पैसे भरायचे एवढंच. दुसरं बर्लिनमधलं खाजगी विद्यापीठ, फी वर्षाला बारा लाखांच्या घरात. कन्सल्टंट म्हणतो, बर्लिनच घे, दोन्ही अ‍ॅक्रेडिटेड आहेत आणि बोलोन्या करारामुळे युरोपातल्या सगळ्या डिग्र्या सारख्याच.

सारख्याच असतील तर मग बारा लाख कशाचे, असं बाबा विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही. कर्जासाठी घर तारण ठेवायचं आहे, म्हणून विचारतो. या अ‍ॅक्रेडिटेशनमध्ये कोण कुणाला तपासतं? आपल्या नॅकसारखी ग्रेड असते का? आणि मला घरबसल्या काही पडताळून बघता येईल का?

मुळाकाठ

आधी ‘होखशूलकोम्पास’वर दोन्ही नावं शोध. जर्मनीतली सरकारी आणि सरकारमान्य उच्चशिक्षण संस्थांची ती यादी आहे, तिथल्या कुलगुरूंच्या परिषदेची. त्यात नाव नसेल तर पुढचं बोलायलाच नको. बाकी जाणकार सांगतील.

अनुजा_हॅनोव्हर

सांगलीकर, मास्टर्स करताना मी इथल्या अ‍ॅक्रेडिटेशनच्या समित्यांवर विद्यार्थी सदस्य म्हणून काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘सगळ्या डिग्र्या सारख्या’ हे आधी डोक्यातून काढून टाक. १९ जून १९९९ रोजी बोलोन्यात २९ देशांच्या मंत्र्यांनी सही केली ती जाहीरनाम्यावर. बॅचलर-मास्टर अशी पायऱ्यांची रचना, क्रेडिट मोजायची एक पद्धत आणि गुणवत्ता तपासण्यात सहकार्य, एवढं ठरलं. साचा एक झाला, पण त्यात कोण काय ओततं ते ज्याचं त्याच्यावर राहिलं. तपासणी कशी व्हावी याची सामाईक तत्त्वं २००५ मध्ये बर्गनला ठरली आणि २०१५ मध्ये येरेवानला ती सुधारून घेतली. तपासणाऱ्या एजन्स्यांचीही तपासणी होते. त्यात उतरलेल्यांची युरोपीय नोंदवही २००८ पासून आहे.

आता जर्मनीपुरतं. ग्रेड नसते. मान्यता मिळते, अटींसह मिळते किंवा नाकारली जाते. ए प्लस प्लस वगैरे कुणी सांगत असेल तर ते त्याच्या मनचं. होखशूल स्वतःबद्दल अहवाल लिहितं, एजन्सी समिती नेमते आणि समिती तिथे जाऊन येते. समितीत त्या विषयाचे किमान दोन प्राध्यापक, उद्योगातली एक व्यक्ती आणि एक विद्यार्थी असावाच लागतो. तो विद्यार्थी शोभेला बसवलेला नसतो. त्याला मत असतं, आणि त्याने ते वापरायचं असतं.

भेटीत आम्ही व्यवस्थापनाशी बोलायचो, शिक्षकांशी बोलायचो, लॅब बघायचो. पण मला खरं कळायचं ते विद्यार्थ्यांबरोबरच्या तासात. तेव्हा शिक्षकांना बाहेर थांबायला सांगतात. एका ठिकाणी कागदावर सगळं चोख होतं. मास्टर्स चार सेमिस्टरचं, प्रत्येकात ३० क्रेडिट. मी विचारलं, चार सेमिस्टरमध्ये तुमच्यातले किती जण संपवतात? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एक मुलगी बोलली: सक्तीच्या लॅब कोर्सला जागाच इतक्या कमी की नंबर लागेपर्यंत सेमिस्टर जातं. म्हणजे एक सेमिस्टर जास्त, त्याचं घरभाडं, आरोग्यविमा, व्हिसाची मुदत. बाहेरून आलेल्या मुलांना याचा फटका सगळ्यात मोठा, कारण त्यांच्या ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चापोटी आधीच भरून ठेवलेले पैसे मोजून आणलेले असतात. आमच्या अहवालात ते अट म्हणून गेलं. अट घातली की ती पूर्ण करून दाखवायला साधारण बारा महिने मिळतात.

हा प्रश्न मी विचारू शकले कारण नियमात त्याला जागा आहे. ठरलेल्या वेळात कोर्स पूर्ण करता येतो का, हा इथे वेगळा निकष आहे. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, म्हणून सेमिस्टरला ७५० ते ९०० तास. विषय साधारणपणे किमान ५ क्रेडिटचा असावा आणि त्याला शक्यतो एकच परीक्षा असावी. हे कुणा अधिकाऱ्याला आपोआप सुचलेलं नाही. बोलोन्यानंतर घाईघाईने जुने अभ्यासक्रम तीन वर्षांच्या बॅचलरमध्ये कोंबले, परीक्षांचा मारा झाला, आणि २००९ मध्ये जर्मनीभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी हे नियम आणले. म्हणून ‘क्वालिटी अ‍ॅश्युरन्स म्हणजे फक्त फाइली’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

तू काय करायचं ते सांगते. बॉनच्या अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्या मान्यताप्राप्त कोर्सेसचा डेटाबेस आहे, खुला. कोर्सचं नाव टाक. मान्यता कधीपर्यंत आहे ते बघ (एकदा मिळाली की आठ वर्षं असते) आणि मुख्य म्हणजे अटी वाच. अहवाल जर्मनमध्ये असतो, भाषांतराच्या अ‍ॅपमधून काढ. पूर्णवेळ प्राध्यापक किती, विद्यार्थी परीक्षांच्या ओझ्याबद्दल काय म्हणाले, हे भाग सोडू नकोस. काही विद्यापीठांच्या गुणवत्ता तपासणाऱ्या अंतर्गत यंत्रणेलाच मान्यता असते, माइन्झच्या विद्यापीठाला ती २०११ मध्ये पहिल्यांदा मिळाली. ती आपल्या कोर्सेसना शिक्का स्वतः देतात, पण डेटाबेसमध्ये ते कोर्सही सापडतात.

खाजगी असेल तर आणखी एक. कोर्सची मान्यता वेगळी आणि संस्थेची वेगळी. खाजगी संस्था टिकेल का, तिच्याकडे माणसं आणि पैसा आहे का, हे विसेनशाफ्ट्सराट, म्हणजे कोलोनची विज्ञान परिषद, तपासते. त्या तपासण्यांवरचं तिचं म्हणणंही जाहीर असतं.

निवृत्त_मास्तर

अनुजाताई, उत्तम लिहिलंत. मी साताऱ्याकडच्या कॉलेजात नॅकचे अहवाल लिहिले आहेत, त्यामुळे कागदांबद्दलचा वैताग मला ठाऊक आहे. पण तिकडेही सगळं सुरळीत नव्हतं, हे सांगायला हवं. एका खाजगी होखशूलला एजन्सीने मान्यता नाकारली, ते कोर्टात गेलं आणि प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत पोचलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याचे नियम घटनाबाह्य ठरवले. बाहेरून तपासणी करायला न्यायालयाची हरकत नव्हती. अध्यापनाच्या स्वातंत्र्याशी निगडित निकष कायदेमंडळाने स्वतः ठरवायला हवेत, एजन्स्यांवर सोडता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. मग सोळा राज्यांनी मिळून करार केला. २०१८ पासून एजन्सी फक्त अहवाल देते, निर्णय कौन्सिल घेते. ज्याचे पैसे घ्यायचे त्यालाच शिक्का द्यायचा, हा गुंता त्यामुळे निम्मा तरी सुटला. निम्मा अशासाठी म्हणतो की अहवाल लिहिणारी एजन्सी आजही होखशूलच निवडतं आणि तिची फीही तेच भरतं.

सांगलीकर_मेकॅनिकल

ताई, मास्तर, खूप आभार. रात्रीच बघितलं. सरकारी कोर्स सापडला, दोन अटी होत्या, दोन्ही पूर्ण केल्याची नोंद आहे. बर्लिनचा कोर्स मात्र डेटाबेसमध्ये नाही. कन्सल्टंटला विचारलं तर म्हणाला, डिग्री ब्रिटिश पार्टनर विद्यापीठाची आहे, त्यामुळे चालतं.

अनुजा_हॅनोव्हर

म्हणजे ती जर्मन डिग्रीच नाही. तू बर्लिनमध्ये बसून ब्रिटिश डिग्री घेणार. असे कोर्स असतात आणि ते बेकायदा असतातच असं नाही, पण मग इथल्या कौन्सिलने त्यात काही तपासलेलं नाही, आणि ‘दोन्ही अ‍ॅक्रेडिटेड’ हे वाक्य तुला दिशाभूल करणारं होतं. डिग्रीवर कुणाचं नाव येणार आणि बर्लिनमधलं शिकवणं कोणत्या संस्थेने तपासलं, हे विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी माग, कन्सल्टंटकडून नको. ते येईपर्यंत बाबांना बँकेत सही करू देऊ नकोस.

सरकारी होखशूलच्या फाखशाफ्टला, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाला, आजच इंग्रजीत ईमेल टाक. लॅबला नंबर लगेच लागतो का, थीसिससाठी कंपन्या मिळतात का आणि कोर्सला सहसा किती सेमिस्टर लागतात, एवढं विचार. त्या दोन अटी कशाबद्दल होत्या तेही इथे लिही, मी वाचून सांगते.