सॅच्युरेशन वाढवलं की लाल कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात

कटपेस्ट
मंडळी, कॅमेऱ्याची एच.२६४ (कॉम्प्रेस केलेली) फाइल आहे, ८-बिट ४:२:०. नुसती बघितली तर ठीक वाटते पण कलर करायला घेऊन सॅच्युरेशन जरा वर नेलं की लाल टीशर्टच्या खांद्याची कड एकदम पायऱ्या पायऱ्यांची, आणि मागच्या अंधाऱ्या भिंतीवर हिरवट-जांभळट ठोकळे. अख्ख्या क्लिपला ब्लर दिला तर चेहरापण मऊ पडतो. परत शूट शक्य नाही. प्रोरेसमध्ये (एडिटिंगसाठीचा, मोठ्या फाइलचा फॉरमॅट) कन्व्हर्ट करून काही फरक पडेल का?

टाइमलाइनवाला
यात दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. कडेचा ४:२:० मुळे, त्यात ब्राइटनेस प्रत्येक पिक्सेलचा पण रंग चार पिक्सेलना मिळून एकच, म्हणजे १९२०×१०८० च्या फ्रेममध्ये रंगाचं चित्र ९६०×५४० चंच असतं. लालमध्ये जास्त बोंबलतं कारण रेक ७०९ मध्ये (एचडी व्हिडिओच्या रंगाचं स्टँडर्ड) ब्राइटनेसमध्ये लालचा वाटा साधारण २१ टक्केच, मागे अंधार असेल तर कड जवळजवळ सगळी रंगाच्याच भरवशावर.
म्हणून ब्लर फक्त रंगाला द्यायचा. क्लिपची कॉपी वरच्या ट्रॅकवर टाक, ब्लेंड मोड 'कलर' कर (म्हणजे तिचा फक्त रंग घेतला जातो) आणि तिला १-२ पिक्सेल ब्लर दे, डिटेल खालच्या क्लिपमधून येतं त्यामुळे चेहऱ्याला धक्का नाही. रिझॉल्व्ह (कलर करायचं सॉफ्टवेअर) असेल तर नोडची (करेक्शनच्या एका टप्प्याची) कलर स्पेस लॅब करून चॅनेल १ (ब्राइटनेसचा) बंद करायचा, मग ब्लर. पण हे सॅच्युरेशनच्या आधी हं, नंतर केलंस तर वाढवलेले ठोकळेच पुसत बसशील.

रेंडर_चालू_आहे
प्रोरेसने गेलेला रंग परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. टाइमलाइन हलकी चालते तो फायदा वेगळा. एक अपवाद, काही सॉफ्टवेअर रंगाचे पिक्सेल नुसते डबल करतात, तिथे आधी एफएफएमपेगने (फाइल कन्व्हर्ट करायचं फुकट टूल) नीट इंटरपोलेट करून, म्हणजे मधले रंग अंदाजाने भरून, ४:४:४ ला (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) नेलं तर कड जरा सुधारते.
फुटेज ४के आहे का? असेल आणि द्यायचं १०८०पी असेल तर अर्धं काम झालंच, ४के मध्ये रंगाचं चित्र १०८०पी एवढंच असतं. फक्त क्रॉप करू नकोस.

कटपेस्ट
१०८०पीच आहे 😑 कलर मोडवाला ब्लर टाकला, खांदा मस्त झाला! भिंत मात्र तशीच.

टाइमलाइनवाला
भिंतीचे ठोकळे कॉम्प्रेशनचे आहेत, मोठे असतात, १-२ पिक्सेलला दाद देत नाहीत. टेम्पोरल नॉइज रिडक्शन (शेजारच्या फ्रेम्स बघून खरखर काढणारं) लाव, क्रोमा (रंग) वर आणि लुमा (ब्राइटनेस) शून्य, आणि शॅडोमधलं सॅच्युरेशन खाली ओढ, अंधारात रंग कमी झालेला कोणाला कळत नाही. वर अगदी बारीक ग्रेन (फिल्मसारखे दाणे). ग्रेन बिटरेट खातो त्यामुळे एक्सपोर्टला कंजूषी केलीस तर तिथे नवीन ठोकळे येतील, आणि प्रिव्ह्यूवर भरवसा ठेवू नको, दहा सेकंद एक्सपोर्ट करून १०० टक्क्यांवर बघ.